कमावलेल्या कातड्यावर स्पिरिट डाय आणि अँटिक पेस्ट: उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

निपाणीत मी कोरीव नक्षीचे पट्टे आणि पाकिटं करतो. कातडं अथणी भागातलं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि त्या चपलेचा जीव म्हणजे हेच कातडं. त्यावर एकाच कंपनीचे स्पिरिट डाय (स्पिरिटमधला रंग), रेझिस्ट (डायवर द्यायचा, पेस्टचा रंग अडवणारा लेप) आणि पाण्यात विरघळणारी अँटिक पेस्ट (नक्षीच्या खाचा गडद करणारी) असा संच उन्हाळ्यापासून वापरतोय.

पेस्ट चांगलीच आहे. रेझिस्ट नीट बसलं असेल तर रंग नक्षीच्या खाचांत थांबतो आणि वरचा भाग उजळ राहतो. पण "पेस्ट सगळीकडे पसरते, पट्टा सरसकट काळवंडतो" अशी तक्रार ओळखीच्या दोघातिघांनी केली. ती पेस्टची खोड नाही, रेझिस्ट कच्चं राहिल्याची आहे. बाटलीवर तासाभरात सुकतं असं छापलंय. एप्रिलमध्ये ते खरं, जुलैत अजिबात नाही. पावसाळ्यात दोन पातळ हात द्या, दुसरा आडवा, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. मग त्याच कातड्याच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पेस्ट लावा. खाली डाग पडला तर अजून एक हात. पुसताना फडकं घट्ट पिळलेलं हवं आणि लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेलं, म्हणजे ते खाचांत उतरत नाही. जाड हात दिला तर दमट हवेत रेझिस्टखाली ओल अडकते आणि पांढुरकी झाक येते.

डायचं सांगायचं तर तपकिरी उत्तम. पोटाकडचं कातडं सैल असतं, रंग जास्त पितं आणि चट्टे पडतात. आदल्या रात्री नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल) अगदी पातळ हात द्यायचा, सकाळी डाय स्पिरिटने पातळ करून दोन-तीनदा लावायचा. एका दाट हातापेक्षा हे कितीतरी एकसारखं दिसतं. सुकल्यावर कोरड्या फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. वर राहिलेली भुकटी काढली नाही तर रेझिस्ट तिला ओढून नेतं, आणि पुढे तीच गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टाला लागते.

ओल्या कातड्यावर निळसर काळे ठिपके दिसले तर डायला दोष देऊ नका. लोखंड आणि सालीतलं टॅनिन (कातडं कमावणारं द्रव्य) एकत्र आलं की ते उठतात. गंजलेली हातोडी किंवा डब्याचं झाकण एवढं कारण पुरतं. रंग द्यायच्या आधी ऑक्झॅलिक ॲसिडचं फिकट पाणी फिरवलं की जातात. हातमोजे घाला आणि नंतर साध्या पाण्याने नीट धुवा, कारण ते विषारी आहे.

या संचातला काळा डाय मात्र घेऊ नका. कितीही घासलं तरी हाताला लागतो, वर तांबूस चकाकी येते. त्यापेक्षा व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस आठवडा-दोन आठवडे झाकण सैल ठेवून भिजवा, गाळून लावा. इथे तेच टॅनिन आपल्या कामाला येतं आणि कातडं आतून काळं होतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून तेल द्या. क्रोमवर (सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेल्या कातड्यावर हे चालत नाही.