गाडी घेऊन सौराष्ट्र: वडोदऱ्याचा वळसा, हजिऱ्याची रो-पॅक्स की उद्याची वेगवान फेरी?

कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याचा डोंगर यात्रेकरूंसाठी पुन्हा खुला होतो आणि धुळे-जळगावकडच्या घरांत गाडी काढायची बोलणी सुरू होतात. कोणाला पालिताणा करायचं असतं, कोणाला सारंगपूरचा हनुमान, कोणाला थेट सोमनाथ. सुरतेपर्यंत वाद नसतो. तिथून पुढे मात्र घरात दोन तट पडतात: वडोदऱ्यावरून खंबातच्या आखाताला वळसा घालायचा, की सुरतेजवळच्या हजिऱ्याला गाडी रो-पॅक्सवर, म्हणजे गाड्या आणि माणसं दोन्ही नेणाऱ्या जहाजावर, चढवून पलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला उतरायचं? जहाजाचं नाव निघालं की अहिराणीतला पहिला प्रश्न ठरलेला: "जहाज चालू शे का बंद पडनं?" आणि त्याहून दुप्पट वेगाच्या फेरीचा प्रस्ताव कानावर आला की 'बाजारात तुरी' म्हणून लोक विषय सोडून देतात.

ही शंका हवेतून आलेली नाही. घोघा ते भरूचकडचं दहेज या फेरीचं उद्घाटन २२ ऑक्टोबर २०१७ ला झालं. समुद्रातलं अंतर जेमतेम ३१ किलोमीटर. पुढच्या वर्षी गाड्या वाहून नेणारं मोठं जहाजही आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ते बंद पडलं, कारण दहेजच्या धक्क्याजवळ गाळ साचून जहाजाला लागणारं पाणीच उरलं नाही. नर्मदा, मही, साबरमती या नद्यांचा आणि आपल्या तापीचा गाळ याच आखातात येतो. भरती-ओहोटीचा प्रवाह तो सतत इकडून तिकडे ढकलत राहतो, त्यामुळे आज उपसलेली जागा काही आठवड्यांत पुन्हा भरू लागते. शेवटी ८ नोव्हेंबर २०२० पासून तेच जहाज हजिरा-घोघा मार्गावर धावू लागलं. हे अंतर ९० किलोमीटर, म्हणजे दहेजच्या जवळपास तिप्पट. तरीही हाच मार्ग तगला, कारण हजिऱ्याला खोल पाणी आहे. कोणत्याही फेरीचा विचार करताना जहाजाच्या आधी धक्का बघायचा असतो, हे या दोन मार्गांवरून दिसतं.

आता वेळेचा हिशेब. जाहिरातीत 'रस्त्याने १० ते १२ तास, समुद्रातून ४ तास' असं असतं. रस्त्याचं अंतर ३७० किलोमीटर धरलंय. त्याला १२ तास लावले तर वेग ताशी ३१ किलोमीटर येतो, म्हणजे हा भरलेल्या ट्रकचा वेग झाला. कारला सुरत-भावनगर साधारण सात तास लागतात. शिवाय रस्त्याने जाणाऱ्याला हजिऱ्यात शिरावंच लागत नाही, तो कडोदऱ्यावरून कामरेजला निघून जातो. धुळ्याहून साक्री, कोंडाईबारी, नवापूर, व्यारा, बारडोली करत कडोदरा साडेचार तास, पुढे सात तास, चहा-जेवणाचा एक: साडेबारा तासांत भावनगर. जहाजाने धुळे ते हजिरा सुमारे २४० किलोमीटर, पाच तास. धक्क्यावर एक तास आधी पोहोचायचं, चार तास समुद्रात, अर्धा तास गाडी बाहेर निघायला आणि घोघ्याहून भावनगर अर्धा तास: अकरा. फरक दीड तासाचा, तोही जहाज वेळेवर सुटलं तर. जळगावहून दोन्हीकडे धुळ्यापर्यंतचे ९० किलोमीटर सारखेच वाढतात.

म्हणजे खानदेशातून निघणाऱ्याचा जहाजाने वेळ फारसा वाचत नाही, वाचतं ते गाडी चालवणं. स्टिअरिंगवरचे साडेअकरा तास साडेपाचवर येतात. घरात गाडी चालवणारा एकच माणूस असेल, सोबत गुडघे धरलेली आजी असेल, तर आमच्या मते निर्णय इथेच होतो. दोघे आलटून पालटून चालवणार असतील आणि गाडीत पाच-सहा जण असतील, तर रस्ता घ्यावा. जहाजावर गाडीचं भाडं वेगळं आणि माणशी तिकीट वेगळं, त्यामुळे डोकी वाढली की जहाज महाग होत जातं. रस्त्यावर तेवढ्याच इंधनात सगळे जातात. जहाजाने साधारण ३०० किलोमीटर धावणं वाचतं. लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर २,१०० रुपये, वर टोल. ही रक्कम फेरीच्या त्या दिवशीच्या भाड्याशेजारी मांडा. भाडी हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून कोणाच्या जुन्या पावतीवर जाऊ नका.

गाव कुठलं यावरही बरंच ठरतं. धुळे, साक्री, नवापूर, जळगाव, भुसावळ या लोकांच्या दारातला राष्ट्रीय महामार्ग ५३ हजिऱ्यालाच सुरू होतो, एकच रस्ता थेट बंदराकडे नेतो. चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा यांचं तसं नाही. त्यांचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता नेत्रंगवरून थेट अंकलेश्वरला, भरूचच्या उंबऱ्यावर नेतो. तिथून हजिऱ्याला जायचं म्हणजे उलट दक्षिणेला उतरायचं. या पट्ट्यातल्या माणसाला जहाज परवडत नाही, हौस म्हणून केलं तर गोष्ट निराळी. मुक्काम कुठे करायचा, तेही बघा: पालिताणा, महुवा, अलंग, सारंगपूर असेल तर घोघा सोयीचं. राजकोट किंवा द्वारका असेल तर रस्ता, नाहीतर गाडी घरी ठेवून भुसावळ-सुरत मार्गाने सौराष्ट्राकडे जाणारी रेल्वे.

रस्त्याच्या बाजूने बोलताना एक गोष्ट विसरू नये. भरूचहून जंबुसर-पादऱ्यावरून बोरसदला निघणारा जवळचा रस्ता ज्या गंभीरा पुलावरून जायचा, तो १९८५ चा पूल ९ जुलै २०२५ ला कोसळला आणि २० हून अधिक माणसं गेली. जुन्या सवयीने त्या वाटेला लागू नका. वडोदरा, वासद, तारापूर, वटामण, धोलेरा असं जा. धोलेऱ्याच्या सपाट खाऱ्या पट्ट्यात हिवाळ्यातल्या पहाटे धुकं दाट असतं, तो टप्पा उजेडात पडेल असं निघा.

जहाजाला चारऐवजी कधी पाच तास का लागतात, हेही समजून घ्या. ९० किलोमीटर म्हणजे सुमारे ४९ सागरी मैल. चार तासांत ते कापायला वेग १२ नॉट, म्हणजे ताशी १२ सागरी मैल, लागतो. या आखातात उधाणाला प्रवाह पाच-सहा नॉटपर्यंत चढतो, आणि हजिरा-घोघा ही वाट बरीचशी त्या प्रवाहाच्याच दिशेने आहे. जाताना भरतीने सरासरी तीन नॉट हात दिला तर सव्वातीन तासांत पोहोचाल. ओहोटी तोंडावर आली तर तेच अंतर साडेपाच तासांचं होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास हा फरक सगळ्यात मोठा असतो, आणि आपली यात्रा नेमकी पौर्णिमेची.

वेगवान फेरीचा खरा फायदा इथेच आहे, तो मान्य करायला हवा. २५ नॉटच्या जहाजाला हेच अंतर दोन तासांचं, आणि तोच प्रवाह त्याला फार तर पाव तास पुढेमागे करतो. वेळापत्रक पाळणं त्याला जास्त जमतं. पण किंमत काय? ढोबळ नियम असा की वेग दुप्पट करायला इंजिनाची ताकद आठपट लागते. वेळ निम्मा झाला तरी एका फेरीचं इंधन चौपट. ते कमी करायचं म्हणून अशी जहाजं ॲल्युमिनियमची, सडपातळ दोन तळांची, म्हणजे कॅटामरान पद्धतीची करतात. मग वजनाला मर्यादा येते आणि अवजड ट्रक बाहेर राहतात. हजिऱ्याच्या जहाजावर ३० ट्रक, १०० कार आणि ५०० माणसं मावतात. ट्रकचं भाडं बारमाही आहे, यात्रेकरूंचं हंगामी. ट्रक गेले की सगळा खर्च कार आणि प्रवाशांवर पडतो. २०२५ मध्ये मुंबई-जयगड-विजयदुर्ग या २५ नॉटच्या रो-रोचे दर जाहीर झाले: सगळ्यात खालच्या वर्गाला माणशी २,५०० आणि कारला ६,०००. चौघे आणि एक कार म्हणजे एका बाजूचे १६,०००. ती सेवा गणपतीत चाकरमान्यांना नेईल असं सांगितलं गेलं होतं, पण पावसाळी समुद्राने ती तारीख हुकवली. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा कॅटामरान सुरू होऊन बंद झालं, ते जुन्या लोकांना आठवत असेल.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. तिथे सरकारी कंपनीने कारसाठी तीन वेगवान ॲल्युमिनियम कॅटामरान बांधली. अंदाज सुमारे २१ कोटी डॉलरचा होता, खर्च ४६ कोटींच्या घरात गेला. त्यांच्या मागे उठणाऱ्या लाटांनी किनाऱ्यावरच्या धक्क्यांचं नुकसान होऊ लागलं, म्हणून वेग कमी करावा लागला, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच गेलं. पाण्यातले ओंडके आणि कचरा इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या तोंडांत अडकू लागला. २००३ मध्ये तिन्ही जहाजं विकून दोन कोटी डॉलरसुद्धा आले नाहीत. खंबातच्या आखातात पुराबरोबर येणारी झाडं आणि मासेमारीची जाळी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही अडचण परकी वाटणार नाही.

म्हणून नवा प्रस्ताव आला की नुसता नॉटचा आकडा ऐकून घेऊ नका. सगळ्यात मोठ्या ओहोटीला दोन्ही धक्क्यांवर किती मीटर पाणी उरतं, आणि गाळ उपसायचा खर्च कोणाच्या माथी, हे आधी विचारा. वेगवान जहाजाच्या परवान्यात किती उंचीच्या लाटेपर्यंत ते चालवायचं हे लिहिलेलं असतं. तो आकडा कळला की वर्षातले किती दिवस ते बंद राहणार याचा अंदाज येतो. जहाज एकच आहे की बदलीलाही आहे? एकच असेल तर गोदीत दुरुस्तीला गेलं की सेवाच गेली. 'बुडालं तर' ही भीती मात्र मनातून काढावी. ती नर्मदेच्या फुगवट्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे चालणाऱ्या छोट्या, भरगच्च बोटींवरून आलेली आहे. त्या आणि तपासणी होणारं तीन मजली जहाज यांची तुलनाच होत नाही.

कोणी तापीतूनच बोट का नाही असंही विचारतं. कागदावर तापी हा २०१६ च्या कायद्याने ठरवलेला राष्ट्रीय जलमार्ग १०० आहे, हतनूरपासून समुद्रापर्यंत ४३६ किलोमीटर. वाटेत सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज, मग उकाई आणि काकरापार. एवढे अडथळे ओलांडून गाडी नेणारं जहाज जाऊ शकत नाही.

जहाज ठरलंच, तर एवढं सांभाळा. गाडीचा क्रमांक आणि सगळ्यांची ओळखपत्रं बुकिंगशी जुळू द्या. आदल्या संध्याकाळी सुटण्याची वेळ पुन्हा बघा. चढताना खरी गोम उताराची. या आखातात भरती-ओहोटीचा फरक उधाणाला १० मीटरांच्या आसपास जातो, म्हणजे एकास दहाचा उतार ठेवायचा तर धक्क्यापासून जहाजापर्यंतचा पूल १०० मीटरांचा लागतो. ओहोटीला हा पूल खाली झुकतो आणि त्याच्या टोकाशी, जिथे जहाजाची फळी टेकते, तिथे कोन तयार होतो. डिकी सामानाने भरलेली सेदान मागून बसलेली असते, तिचा बंपर किंवा सायलेन्सर नेमका तिथे घासतो. जड पिशव्या आणि दोन माणसं आधीच उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सरळ चढा, तिथे वळवू नका. आत हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चोरीचा अलार्म बंद करा, नाहीतर जहाजाच्या थरथरीने तो वाजत राहून बॅटरी उतरते. गाड्यांच्या मजल्यावर प्रवासात बसता येत नाही, म्हणून औषधं, पाणी आणि लहान मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत घ्या. उलटीची गोळी सुटण्याआधी अर्धा-एक तास, बसायला मधली जागा आणि शक्यतो खालचा मजला. ट्रॅव्हलर करून स्वयंपाकाचं सामान घेऊन निघणाऱ्यांनी सिलिंडरबद्दल बुकिंगच्या वेळीच विचारावं. धक्क्यावर तो उतरवायला लावला तर परक्या गावात ठेवणार कुठे?

पालिताण्याची यात्रा चातुर्मासात बंद असते आणि समुद्रही त्याच महिन्यांत खवळलेला, तेवढा योग जुळून आलाय. तरी मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या वादळांचे महिने आहेत. १७ मे २०२१ ला तौक्ते याच सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की फेरी रद्द होते, पैसे परत मिळतात, पण गाडी घोघ्यातच उभी असते. अशा वेळी केळीचा ट्रक उन्हात खोळंबतो, आणि सुट्टी संपवून सोमवारी कामावर हजर व्हायचं असलेला माणूस रविवारी संध्याकाळी साडेबारा तासांचा रस्ता धरतो. म्हणून जाताना जहाज आणि येताना रस्ता असं ठरवलं तर रद्द फेरीचा फटका घरी निघायच्या दिवशी बसत नाही. दोन्ही वेळा जहाजच हवं असेल, तर परतीनंतरचा एक दिवस मोकळा ठेवा.