सिमेंट नसलेलं अल्युमिना कास्टेबल : माल चांगला, पण सुकवायला घाई नको

बेळगावच्या उद्यमबागेत आमची बारकी फाउंड्री आहे, ग्रे आयर्नचं म्हणजे साध्या बिडाचं काम. लॅडलच्या (वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्याच्या) आतल्या लायनिंगला हे नवीन नो-सिमेंट कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून फर्म्यात ओतायचा गरमी सोसणारा माल, लावून बघितलं, सप्लायर अजून याला ट्रायल मालच म्हणतोय, म्हणून कुणी घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा.

नेहमीच्या कास्टेबलात कॅल्शियमवालं सिमेंट असतंय, यात ते अजिबात नाही. त्याऐवजी बाइंडर म्हणून, म्हणजे माल बांधून धरायला, अल्युमिना हायड्रेट (पाणी धरलेला अल्युमिना) झपकन भाजून त्यातलं पाणी बरंचसं काढलेली पावडर असते, तिला पाणी दिलं की ती ते परत ओढून घेते, जेल होते आणि माल धरतो. सिमेंटमधला चुना नसल्यामुळं सिलिकाबरोबर मिळून लवकर वितळणारी काच होत नाही, म्हणून गरमीत ताकद टिकते. 1400 डिग्रीच्या आसपासचं लोखंड घेऊनसुद्धा आमच्या लॅडलचा तळ मऊ पडला नाही, आणि स्लॅग (लोखंडावरची मळी) हातोडीच्या हलक्या ठोक्यानं पापुद्र्यासारखा निघाला, खालची पांढरी लायनिंग जशीच्या तशी. हे बघून खरंच आनंद झाला.

आता डोकेदुखी. ती जेल बारीक भोकं सगळी बुजवते त्यामुळं वाफेला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि सप्लायरच्या माणसानं पहिल्याच दिवशी बर्नर मोठा करायला लावला तर काठाचा चांगला जाड ढलपा फटकन उडाला, नशीब कुणी जवळ नव्हतं! नंतर आमच्या मिस्त्रींनी 110 डिग्रीला रात्रभर ठेवलं, तिथनं हळूहळू 300 पर्यंत नेऊन परत थांबवलं, कारण हायड्रेटमधलं पाणी 200 च्या पुढंच सुटतं, आणि मगच लाल केलं. तसं केल्यावर एक चीर नाही. पॉलिप्रॉपिलीन फायबर घातलेला माल मिळाला तर तोच घ्या, ते 165 च्या आसपास वितळून वाफेला वाट करून देतं. थंडीत गार पाण्यानं कालवलं तर धरायला लई वेळ लागतोय, फर्मा लवकर काढू नका.

भाव जास्त आहे. यमनापूरला एवढा अल्युमिना बनतोय तर हा बाइंडरही इथंच व्हायला पाहिजे असं मला मनापासनं वाटतंय. आणि सप्लायरनं पोत्यावर तापवायचा चार्ट मराठी-कन्नड दोन्हीत छापावा, शेडमध्ये इंग्लिश कोण वाचतंय?

आपल्याकडच्या पावसाळ्यात पोतं फोडून ठेवू नका, पावडर हवेतला ओलावा धरते आणि नंतर सेटच होत नाही.