खर्चावरून हिशेब की वापरावरून?

कंपनीचं हरितगृह वायूंचं उत्सर्जन मोजायला बसलं की पहिला प्रश्न हाच: आकडे खतावणीतून उचलायचे की मीटरवरून?

खर्चावरची पद्धत सोपी. खरेदीची रक्कम गुणिले त्या क्षेत्राचा उत्सर्जन गुणांक (एका रुपयाच्या खरेदीमागे सरासरी किती उत्सर्जन होतं तो आकडा), झालं. पहिला अंदाज झटपट निघतो. पण खोट तिथेच आहे. पुरवठादाराने पोलादाचा भाव दहा टक्के वाढवला, तर एक किलोही जास्त न घेता तुमचं उत्सर्जन कागदावर दहा टक्के वाढतं. घासाघीस करून सवलत मिळवली की तेच 'घटतं'! शिवाय गुणांक जुना असेल तर रक्कम आधी त्या वर्षाच्या किमतीत आणावी लागते. हे हमखास राहून जातं.

वापरावरची पद्धत लिटर, युनिट, टन-किलोमीटर (मालाचं वजन गुणिले अंतर) मागते. जनरेटरमध्ये 1,000 लिटर डिझेल जळलं, गुणांक लिटरमागे सुमारे 2.68 किलो, म्हणजे जवळपास 2.7 टन कार्बन डायऑक्साइड. इथली नेहमीची चूक म्हणजे नुसत्या खरेदीच्या बिलांची बेरीज. टाकीतला सुरुवातीचा साठा मिळवा, अखेरचा वजा करा, तेव्हा जळलेलं डिझेल कळतं.

स्वतःच्या इंधन-विजेसाठी, म्हणजे स्कोप 1 आणि 2 मध्ये, खर्चाच्या वाटेला जाऊच नये; विजेच्या बिलावर युनिट छापलेले असतातच. स्कोप 3 च्या, म्हणजे पुरवठादारांपासून ग्राहकांपर्यंतच्या साखळीतल्या उत्सर्जनाच्या, 15 प्रकारांत मात्र आधी खर्चावरून चाळणी लावावी आणि वर आलेल्या मोठ्या बाबींपुरतं प्रत्यक्ष वजन पुरवठादाराकडून मागवावं. स्टेशनरीसाठी एवढा खटाटोप नको.