मुलांच्या खोलीचं ‘जंगल’ पॅकेज : शंभरपैकी पंचेचाळीस

आमच्या नातवंडांची खोली सजवून देणाऱ्या कंपनीतल्या मुलाचे सुनेला तीनदा फोन येऊन गेले. “मॅडम, काम आवडलं असेल तर रिव्ह्यू टाका ना.” सून म्हणाली, “आई, तुम्हीच टाका. दिवसभर त्या खोलीत तुम्हीच असता.” म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. पोरं नवीन आहेत, धंदा करू देत त्यांना. पण असलं काम काढायच्या विचारात असलेल्या आईबापांनी वाचावं.

वाकडच्या फ्लॅटमधली आमची तिसरी बेडरूम, दहा बाय अकरा. नात ईरा पाच वर्षांची, नातू ओम अडीचचा. पॅकेज एक लाख पासष्ट हजारांचं. त्यात तीन भिंतींना रंग, चौथीला जंगलाचा वॉलपेपर, उंची मोजायचा जिराफ, सात फुटी कपाट, फॉल्स सीलिंगमध्ये सहा स्पॉटलाइट, खाली फोमची चटई आणि खिडकीखाली फळा. वीस दिवस म्हणाले होते, अठ्ठावीस लागले. याला मी उशीर म्हणत नाही.

आधी चांगलं सांगते. फळा अप्रतिम. स्कर्टिंगपासून, म्हणजे भिंतीच्या तळाशी असते त्या पट्टीपासून, तीन फूट उंच आणि भिंतभर लांब, काळ्या रंगाचाच हात मारलेला. ओम उभ्याने रेघोट्या मारतो, ईरा मांडी घालून अक्षरं काढते, दोघांची भांडणं होत नाहीत. खडूची पूड पडते, ती ओल्या फडक्याने पुसायची, एवढंच. सगळे सॉकेट झडपवाले बसवलेत. रंगात शिसं नाही ना, असं विचारल्यावर पेंटरने वाद न घालता डबाच आणून दाखवला. घरात लावायच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर असू नये, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. विचारायला लाजू नका.

आता जिराफ. त्याच्या मानेवर सेंटीमीटर छापलेत. लावणाऱ्याने त्याचे पाय स्कर्टिंगच्या वरच्या कडेला टेकवले आणि मोकळा झाला. वाढदिवसाला ईराला उभं केलं तर ९९! शाळेच्या कार्डावर १०९. “आजी, मी लहान झाले?” म्हणून डोळ्यांत पाणी. मी शिवणाची टेप आणली तेव्हा कळलं, दहा सेंटीमीटर स्कर्टिंगने खाल्लेत. फोन केल्यावर माणूस आला, जिराफ उपटून खाली चिकटवला. खूर आता स्कर्टिंगवर वाकडे दुमडलेत, पण हिशेब बरोबर येतो.

स्पॉटलाइटचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ओम चटईवर उताणा पडला की हात डोळ्यांवर घ्यायचा. एका दुपारी मीही त्याच्याशेजारी उताणी झोपले (उठताना गुडघ्यांनी ओरडा केला, ते असो), तर सहाच्या सहा दिवे थेट बुबुळात. डिझायनर मुलगी खोलीत चार वेळा आली, पण चारही वेळा उभीच होती. आता आम्ही ते लावत नाही, भिंतीवरच्या एका साध्या ट्यूबवर भागतं.

फोमच्या चटईला नव्या चपलेचा वास येतो. येणारच, चपलांचे तळवे करतात तोच ईव्हीए फोम तो. आठ दिवस गॅलरीत वाऱ्याला टाकल्यावर वास कमी झाला. पण तुकडे एकमेकांत अडकवायचे जे दात असतात, ते ओम कुरतडतो. एकदा तोंडातून बोटभर तुकडा काढला. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय खूण सक्तीची झाली आहे, म्हणून मी चटईवर खूण शोधली. बिलात ती खेळणं म्हणून नव्हतीच, ‘फ्लोअरिंग’ होती. शेवटी अर्ध्या खोलीत सतरंजी घातली.

खरं दुखणं कपाटाचं. दिसायला देखणं, दारं आवाज न करता मिटतात, कोपरेही गोल केलेत. पण मुलांचा हात पोचतो तो खालच्या दोन कप्प्यांत, वरचे पाच मोठ्यांसाठी. बरं, दारं बंद असली की आत काय आहे ते मुलांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते मूल मागत नाही. नाहीतर सगळंच एकदम बाहेर ओढतं. आमच्याकडे दोन्ही झालं. एकदा बाहुलीसाठी ईरा कप्प्यांवर पाय देत शिडीसारखी वर चढली. कपाट हललं. मी मागे हात घालून पाहिलं, भिंतीला एकही क्लॅम्प नाही! सात फुटांचं धूड नुसतं उभं. त्या रात्री मुलाला बसवून फोन करवला, दुसऱ्या दिवशी दोन एल-क्लॅम्प मारून घेतले. याचे मी सगळ्यात जास्त गुण कापले.

मी एकतीस वर्षं बालवाडी चालवली. १९८० साली कोसबाड या आदिवासी भागातल्या गावी प्रशिक्षण घेतलं, तेव्हा बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ तिथे होत्या. त्यांच्या गुरू ताराबाई मोडकांनी १९५७ साली बोर्डीहून बालवाड्यांचं काम कोसबाडला नेलं. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर कुठून आणणार, म्हणून शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हेच साधन झालं. मांडणी मात्र ठरलेली : उघडी, मुलाच्या छातीपेक्षा खाली, एका जागी एकच वस्तू. आमच्या शाळेत जुन्या खोक्यांच्या फळ्यांचं रॅक होतं आणि पोरं स्वतः जागच्या जागी ठेवायची.

तेच इथे केलं. चिंचवडचे एक सुतारभाऊ आहेत, त्यांना बोलावून रॅक करून घेतलं. चार फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट खोल, दोन कप्पे, पाठ बंद. अठरा एमएमचा ७१०चा प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, कडांना सागाची लिपिंग, म्हणजे लाकडाची पट्टी. भाऊंनी ती रंधून एवढी गोल केली की ओमने गाल घासून पाहिला. तेही भिंतीला क्लॅम्पने बांधलं. मजुरी, माल, पॉलिश धरून सात हजार दोनशे. आत वेताच्या सहा परड्या, प्रत्येकीला ईरानेच काढलेलं चित्र : ठोकळे, भातुकली, गाड्या, शंख, चिंचोके, कापडाचे तुकडे. चिंचोक्यांची परडी वरच्या कप्प्यात, आणि ओम असताना मी समोर असल्याशिवाय खाली येत नाही, तो नाकात घालील. बाकीची खेळणी माळ्यावर. दर पंधरा दिवसांनी दोन परड्या बदलते.

वॉलपेपरबद्दल लिहायचं राहिलं. बाहेरच्या भिंतीवर लावला होता, पश्चिमेच्या. जुलैत हत्तीच्या पोटाला फुगे आले, ऑगस्टमध्ये काळी बुरशी. कंपनी म्हणते, ओल वॉरंटीत बसत नाही. खरं असेल, पण ओल येणारी भिंत कोणती, हे त्यांनी आधी हात लावून बघायला हवं होतं की नाही?

पंचेचाळीसपैकी वीस गुण फळ्याचे, दहा सॉकेट आणि रंगाचे, दहा गोल कोपऱ्यांचे, पाच जिराफ दुरुस्त करायला दुसऱ्याच दिवशी आले त्याचे. फोन करणाऱ्या मुलाला पाच तारे हवे होते. ईराने त्याच्यासाठी फळ्यावर पाच काढलेत, त्यातले दोन ओमने पुसले.