लाटेकवर आठ महिने: एक पेपर, दोन टेम्प्लेट

सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते आणि नोकरी सांभाळून पीएच.डी. करते. विषय कृष्णेच्या पुराचा आहे. कोयनेतून सोडलेलं पाणी आणि वरच्या खोऱ्यातला पाऊस बघून आयर्विन पुलापाशी पाणी कुठवर चढेल हे किती तास आधी सांगता येईल, एवढाच प्रश्न. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही.

या कामाचा पहिला कॉन्फरन्स पेपर मी गेल्या जूनपासून लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये लिहिला. एकदा नाकारला गेला, मग दुसरीकडे स्वीकारला गेला, गेल्या महिन्यात सादरही झाला. स्टाफरूममध्ये दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, "मॅडम, लाटेक शिकू का?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून सगळं इथं लिहिते.

आधी थोडं नावाबद्दल. आपल्याकडे बरेच जण 'लेटेक्स' म्हणतात. शेवटचं अक्षर इंग्रजी एक्स नाही, ते ग्रीक 'खी' आहे, म्हणून उच्चार लाटेक किंवा लेटेक. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७७ मध्ये आपल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पाहिली. गणिताची जुळणी त्यांना इतकी खटकली, की त्यांनी अक्षरजुळणीचा स्वतःचा प्रोग्रामच लिहायला घेतला. तो टेक. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोप्या आज्ञांचा थर चढवला, तो लाटेक. यात पान डोळ्यांसमोर तयार होत नाही. साध्या फाइलमध्ये मजकूर आणि आज्ञा लिहायच्या, कंपाइल करायचं, की पीडीएफ हातात येते. सगळं मोफत आहे.

मी ऑनलाइन संपादक न घेता लॅपटॉपवरच टेक लाइव्ह (लाटेकचा पूर्ण संच) आणि टेकस्टुडिओ (त्यात लिहायचा संपादक) बसवलं. कारण साधं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या भागात नेट कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि माझी पहिली डेडलाइन नेमकी जुलैअखेरची होती. पूर्ण टेक लाइव्ह काही जीबी जागा खातं, उतरवायला एक रात्र गेली. पण नंतर कधीच कुठलं पॅकेज, म्हणजे लाटेकला जोडायची तयार सोय, कमी पडलं नाही. तो निर्णय बरोबर ठरला.

पहिला महिना मात्र कठीण गेला. माझ्या डेटाच्या कॉलमांना 'रेन', मग खालची रेघ, मग 'कोयना' अशी नावं होती. ती तशीच मजकुरात लिहिली, तर 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' असा एरर. मी दोन तास डॉलर शोधत होते. खालची रेघ लाटेकमध्ये गणितातल्या पायाक्षराची खूण असते, तिच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते, हे कळल्यावर अर्ध्या मिनिटात काम झालं. एररचा संदेश खरं कारण क्वचितच सांगतो. तो फक्त 'इथं काहीतरी अडलं' एवढंच सांगतो.

त्याहून धोक्याचं म्हणजे टक्क्याचं चिन्ह, कारण तिथं एररच येत नाही. लाटेक टक्क्यापुढचा त्या ओळीतला सगळा मजकूर टिपणी समजून वगळतो. माझा अ‍ॅबस्ट्रॅक्ट फाइलमध्ये एकच लांबलचक ओळ होती. 'चूक अमुक टक्क्यांनी घटली' असं लिहिलं आणि त्यापुढची तीन वाक्यं छापील प्रतीत आलीच नाहीत. कंपाइल बिनतक्रार झालं. माझ्या फायनल इयरच्या विद्यार्थ्यानं, जो पेपरचा सहलेखक आहे, वाचून विचारलं, "मॅडम, निष्कर्ष तुम्ही मुद्दाम काढून टाकला का?" त्या दिवसापासून मी प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर लिहिते आणि पीडीएफ एकदा तरी कागदावर छापून वाचते. तुम्हीही तसंच करा.

आता ज्यासाठी मी लाटेक सोडणार नाही ते सांगते.

सांगलीत पाणी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. गल्लीतली पोरंसुद्धा "पुलाला किती?" असं विचारतात आणि उत्तर फुटांतच येतं. मीही सगळा पेपर फुटांत लिहिला होता. पहिल्या कॉन्फरन्सच्या एका रिव्ह्यूअरनं लिहिलं, एकके एसआयमध्ये, म्हणजे मीटरसारख्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत हवीत. हे आकडे मजकुरात, टेबलांत, आकृत्यांच्या मथळ्यांत मिळून चाळीसेक ठिकाणी होते. नशिबानं सुरुवातीलाच विद्यार्थ्याच्या सांगण्यावरून मी इशारा पातळीसाठी एक आज्ञा आणि धोका पातळीसाठी दुसरी आज्ञा स्वतः बनवून घेतली होती. वरती एकदा ४० फूट ऐवजी १२.१९ मीटर आणि ४५ फूट ऐवजी १३.७२ मीटर केलं, की पेपरभर बदललं. एककांसाठी siunitx नावाचं पॅकेज आहे, ते आकडा आणि एकक यांतलं अंतरही सगळीकडे सारखं ठेवतं. हाताने केलं असतं, तर एखाद्या टेबलात फूट राहिलाच असता आणि पुराच्या पेपरात पातळीचा एक आकडा चुकणं मला परवडणारं नव्हतं.

दुसरा अनुभव टेम्प्लेट बदलण्याचा. पहिली कॉन्फरन्स स्प्रिंगर या प्रकाशकाच्या एलएनसीएस साच्यातली होती: एकच कॉलम, मजकुराची रुंदी १२.२ सेंटिमीटर. सप्टेंबरमध्ये नकार आला. पुढची कॉन्फरन्स आयट्रिपलई (IEEE) या इंजिनिअरांच्या संस्थेच्या साच्यातली: दोन कॉलम, १० पॉइंट अक्षर, सहा पानांची मर्यादा. पहिल्या ओळीत क्लासचं, म्हणजे साच्याच्या फाइलचं, नाव बदललं, लेखकांचा भाग नव्यानं लिहिला, रेफरन्सची शैली बदलली आणि पेपर त्याच संध्याकाळी दोन कॉलमांत उभा राहिला. सेक्शनांचे, समीकरणांचे, आकृत्यांचे, रेफरन्सचे नंबर आपोआप नव्या पद्धतीनं लागले. यापूर्वीचा माझा पेपर नेहमीच्या वर्ड प्रोसेसरवर होता. त्यात एक आकृती सरकली, की पुढच्या दोन पानांची घडी विस्कटायची आणि मी रात्री जागून 'आकृती ४ पाहा'चे 'आकृती ५ पाहा' करत बसायचे.

पण 'त्याच संध्याकाळी उभा राहिला' म्हणजे तयार झाला असं नाही. खरं काम आकृत्यांचं निघालं. १२ सेंटिमीटर रुंदीसाठी काढलेला आलेख साडेतीन इंचांच्या कॉलमात बसवला, तर अक्षावरचे आकडे भिंगातूनच दिसावेत असे झाले. आकृती ताणून किंवा आवळून उपयोग नसतो. पायथनमध्ये मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीला रुंदी साडेतीन इंच आणि अक्षर ८ पॉइंट असं सांगून सगळे आलेख पुन्हा काढले. लांब समीकरणंही कॉलमाबाहेर जात होती, ती दोन ओळींत तोडावी लागली. मोठं टेबल दोन्ही कॉलमांत पसरवलं, तर ते हवं तिथं येत नाही, बहुतेक वेळा पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊन बसतं. त्यासाठी ते मजकुरात एक पान आधी लिहावं लागतं.

सहा पानांत बसवण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून. समास कमी करू नका, ओळींमधलं अंतर आवळू नका. टेम्प्लेटमध्ये तसं करायला स्पष्ट मनाई असते आणि तपासणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. मी परिच्छेदांच्या शेवटच्या ओळी बघत गेले. जिथं शेवटच्या ओळीत एकच शब्द लटकत होता, तिथं वरचं वाक्य जरा छाटलं. अशा अकरा जागी एकेक ओळ कमी झाली. उरलेलं अर्धं पान माझ्या प्रस्तावनेतल्या पाल्हाळाचं निघालं आणि ते गेल्यानं पेपर सुधारलाच.

रेफरन्ससाठी झोटेरो वापरलं, तेही मोफत. त्यातून बिबटेकची, म्हणजे लाटेकसाठी रेफरन्सची यादी लावणाऱ्या प्रोग्रामची, फाइल निघते. मजकुरात फक्त टोपणनाव द्यायचं, यादी आणि क्रमांक आपोआप. सुरुवातीला क्रमांकाच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. लाटेक, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लाटेक असं चालवलं की जातं. मात्र आयट्रिपलईची शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करते. माझ्या यादीत कृष्णा आणि कोयना दोन्ही नद्या इंग्रजीत लहान अक्षरानं सुरू झाल्या होत्या. विशेषनामांभोवती महिरपी कंस घातला की ती तशीच राहतात. वेबवरून आपोआप आलेल्या नोंदींवर विश्वास ठेवू नका. कुठं पान क्रमांक नसतो, कुठं लेखकाचं आडनाव आणि नाव उलटं असतं. एकेक नोंद मूळ पेपरशी ताडून बघायला मला दोन दिवस लागले.

डबल-ब्लाइंड रिव्ह्यूसाठी, म्हणजे लेखक आणि तपासणारे एकमेकांना माहीत नसतात त्या तपासणीसाठी, नावं काढणं सोपं गेलं, लेखकांच्या ओळींपुढं टक्क्याचं चिन्ह टाकलं की झालं. पण आभाराचा परिच्छेद आणि 'आमच्या मागील पेपरात' अशी वाक्यंही बदलावी लागतात, ते मात्र डोळ्यांनीच शोधायचं.

स्वीकृती आल्यावर कॅमेरा-रेडी, म्हणजे छपाईची अंतिम, प्रत पाठवली आणि ती तपासणीत परत आली. पीडीएफमध्ये टाइप ३ या प्रकारचे फॉन्ट आहेत, चालणार नाहीत. मजकुरात काहीच चुकलं नव्हतं, दोष माझ्या आलेखांत होता. मॅटप्लॉटलिब मुळात टाइप ३ फॉन्टच पीडीएफमध्ये घालतं. सेटिंगमध्ये पीडीएफ फॉन्टटाइप ४२ केलं, आलेख पुन्हा काढले, मग प्रत पास झाली. यात माझ्या दोन संध्याकाळी गेल्या, तुमच्या जाऊ नयेत. पीडीएफ रीडरमध्ये फाइलची माहिती उघडली, की फॉन्टांची यादी दिसते. पाठवण्याआधी ती बघा.

गाइड सर लाटेक वापरत नाहीत. मला भीती होती की इथंच गाडी अडेल. ते म्हणाले, "तुम्ही कशातही लिहा, मला कागदावर द्या. मी लाल पेननं करतो." मग मी लाटेकडिफ वापरलं. जुनी आणि नवी फाइल दिली, की एक तिसरी फाइल मिळते, ती कंपाइल केली की बदललेला मजकूर रंगात दाखवणारी पीडीएफ तयार होते. सरांना ते इतकं आवडलं, की आता ते बाकीच्या विद्यार्थ्यांकडूनही तसंच मागतात. पण तुमचे गाइड स्वतः फाइलमध्ये दुरुस्त्या करणारे असतील, तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. हा प्रश्न प्रोग्रामचा नाही, माणसांचा आहे आणि तो शेवटच्या आठवड्यात सुटत नाही.

मराठीबद्दल मी बरीच आशा धरून होते. पीडीएफलाटेक या नेहमीच्या कंपायलरवर देवनागरी सरळ चालत नाही, झीलाटेक हा दुसरा घ्यावा लागतो. प्रबंधाचा मराठी सारांश मी त्यात नोटो सेरिफ देवनागरी फॉन्टनं लिहिला. फॉन्ट सांगताना लिपी देवनागरी असं वेगळं न सांगितल्यानं पहिल्या प्रतीत जोडाक्षरं सुटी पडली आणि 'स्थिती'तली पहिली वेलांटी 'थ'च्या उजवीकडे जाऊन बसली. लिपी सांगितल्यावर पान इतकं देखणं आलं, की मी ते आईला दाखवलं. कॉन्फरन्सच्या टेम्प्लेटमध्ये मात्र मी हा खटाटोप केला नाही, मराठी अहवालांची नावं रोमन लिपीतच दिली.

शिकावं का? आयुष्यात एकच पेपर लिहायचा असेल, त्यात समीकरणं नसतील आणि डेडलाइन पंधरा दिवसांवर असेल, तर नको. ज्यात हात बसलाय त्यातच लिहा, तो वेळ आकृत्यांवर आणि रेफरन्स ताडण्यावर घाला. प्रबंध लिहायचा असेल, तर पहिल्याच वर्षी, कुठलीही डेडलाइन डोक्यावर नसताना सुरुवात करा. मला हात बसायला सहा आठवडे लागले, रोज रात्री तासभर. विद्यार्थी दहा दिवसांत शिकला.

सध्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण सुरू आहे. पेपरासाठी बनवलेल्या त्या दोन आज्ञा तशाच उचलून आणल्यात, फक्त एक बदल केलाय. पेपरात मीटर चालले, पण हा प्रबंध इथल्या लोकांनीही वाचावा असं मला वाटतं. म्हणून आता प्रत्येक पातळी मीटरमध्ये छापली जाते आणि तिच्याच पुढं फुटांतही.