हेअर ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आठवड्यात मला घाबरवून पॅकेज विकलं, तुम्ही सावध रहा

ज्यांचं ट्रान्सप्लांट नुकतंच झालंय किंवा होणार आहे त्यांच्यासाठी लिहितोय. दुसरा-तिसरा आठवडा चालू असेल तर आधी हे वाचा आणि मगच कोणाला पैसे द्या.

ऑपरेशनबद्दल माझी काही तक्रार नाही. एफयूई पद्धतीने केलं, डोक्याच्या मागून एकेक ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचा छोटा पुंजका, काढून पुढे लावले, अख्खा दिवस गेला. नंतरचे दहा-बारा दिवस मी डोकं अगदी तान्ह्या बाळासारखं जपलं. उशा रचून जवळजवळ बसल्यासारखा झोपायचो, सलाइनचा स्प्रे चालूच, चौथ्या दिवशी कपाळाची सूज उतरून डोळ्यांपर्यंत आली पण ती येते आणि आपोआप जाते हे त्यांच्या कागदावर लिहिलेलं होतं म्हणून घाबरलो नाही. शॉवरची धार घेतली नाही, मगमध्ये शाम्पूचा फेस करून तो हळूच ओतायचो, बोटांनी नुसतं टेकवायचं, नख नाही, घासणं नाही. बाराव्या दिवसापर्यंत खपल्या सगळ्या निघाल्या आणि आरशात बारीक बारीक केसांची नवी रेघ दिसली, काय आनंद झाला होता सांगू.

अठराव्या दिवशी सकाळी उशीवर केस. दुसऱ्या दिवशी तोंड पुसताना टॉवेलवर. नवीन लावलेलेच केस गळत होते आणि कागदावर याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. सुजेबद्दल होतं, खाजेबद्दल होतं, उन्हाबद्दल, सिगरेटबद्दल सगळं होतं, फक्त हे नव्हतं. तेव्हा वाटलं सुटलं असेल चुकून. आता तसं वाटत नाही.

मी क्लिनिकच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले आणि दहा मिनिटांत काउन्सेलर मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाल्या, "सर, ग्राफ्ट वीक पडतायत, आत्ता वाचवले नाहीत तर सगळं वाया जाईल." मी म्हटलं डॉक्टरांशी बोलायचंय, तर डॉक्टर ओटीमध्ये आहेत. संध्याकाळी केला, तरी ओटीतच. मग त्यांनी ग्राफ्ट वाचवायचं पॅकेज सांगितलं: त्यांचं 'खास' सीरम दिवसातून तीनदा लावायचं, पीआरपीची (आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लाझ्मा टोचतात ते) ६ सेशन आणि बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या, ऑपरेशनला जेवढे गेले त्याच्या जवळपास निम्मे पैसे, आणि ही किंमत फक्त आजच. त्या रात्री मला झोप नाही, बायकोला न विचारता मी पैसे भरले. एवढा खर्च, एवढा त्रास, आणि माझ्याच चुकीने केस मेले असं वाटत होतं, त्या भीतीत माणूस कशालाही हो म्हणतो.

सीरम लावल्यावर डोकं चरचरायचं. मॅडम म्हणायच्या म्हणजे काम करतंय. आठवड्याभरात कातडी लालबुंद, पांढरे पापुद्रे आणि रात्रभर खाज. बायकोने ती बाटली हातात घेतली, म्हणाली या स्टिकरखाली अजून एक स्टिकर आहे. गरम पाण्यात बुडवून तिने वरचा काढला तर खाली साधं ५ टक्के मिनॉक्सिडिल, केस वाढवायचं नेहमीचं औषध, जे कुठल्याही केमिस्टकडे मिळतं आणि आम्ही दिले त्याच्या पासंगालाही पुरत नाही एवढ्या किमतीला मिळतं.

तशीच बाटली घेऊन आम्ही दुसऱ्या एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भिंगातून डोकं बघितलं आणि शांतपणे सांगितलं की तुमचे ग्राफ्ट ठीक आहेत. लावलेला केस दोन ते आठ आठवड्यांत गळतोच, बहुतेकांचा गळतो, वरचा केस जातो, मूळ आत राहतं आणि विश्रांती घेतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्यातूनच नवा केस यायला लागतो, आणि खरा रिझल्ट बघायला ९ ते १२ महिने थांबावं लागतं. मी तिथे रडलो, खरं सांगतो.

मिनॉक्सिडिल वाईट औषध नाही असंही ते म्हणाले, कातडी पूर्ण भरल्यावर पुष्कळ डॉक्टर स्वतःच सुरू करतात, पण दिवसातून दोनदापेक्षा जास्त नाही आणि लाल झालेल्या कातडीवर तर नाहीच. त्या पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, त्यानेच बऱ्याच जणांना चरचरतं. पीआरपी काही डॉक्टर देतात पण "आजच नाही केलं तर ग्राफ्ट मरतील" अशी इमर्जन्सी त्यात कधीच नसते. बायोटिन शरीरात कमी नसेल तर त्याचा फारसा उपयोग नाही, उलट थायरॉइडच्या रक्ततपासणीचे आकडे त्याने चुकू शकतात, हे तर मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मग घाबरायचं कधी, असं मी विचारलं. पू येत असेल, ताप असेल, दुखणं कमी होण्याऐवजी रोज वाढत असेल, कातडी काळी पडत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, फोटो पाठवून काउन्सेलरला नाही. आणि पहिल्या दहा दिवसांत केसाबरोबर रक्त येऊन ग्राफ्ट निघाला तर तो खरंच गेलेला असतो. नंतर नुसता केस गळतोय, रक्त नाही, तर ते नेहमीचं. काही केसांच्या टोकाला पांढरी गाठ दिसते, तिला लोक मूळ समजतात, मीही समजलो होतो.

क्लिनिकने पैसे परत द्यायला नकार दिला, म्हणे पॅकेज वापरायला सुरुवात झाली. दोन्ही स्टिकरचे फोटो, पावती आणि सगळं चॅट जोडून मी लेखी तक्रार केली आहे, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग मात्र नाही त्याचं वाईट वाटतं. ऑपरेशनच्या आधीच "तिसऱ्या आठवड्यात काय होईल ते कागदावर लिहून द्या" असं मी म्हणायला हवं होतं. माझा मामेभाऊ पुढच्या महिन्यात करून घेतोय, त्याला मी ते लिहून घ्यायला लावलं आणि त्याच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत स्वतःच्या हाताने लिहून दिलं.

माझा आता पाचवा महिना चालू आहे. पुढे बारीक, थोडे वाकडे केस यायला लागलेत.