ड्रायव्हिंग आयर्न विरुद्ध हायब्रिड: अख्खा सीझन दोन्ही वापरल्यानंतर

गोल्फच्या दोन क्लबची तुलना करतोय: ड्रायव्हिंग आयर्न, म्हणजे टीवरून सपाट मारायचा लांब आयर्न, आणि हायब्रिड, म्हणजे आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब. आधी तक्रार सांगतो, मग तुलना. माझ्या ड्रायव्हिंग आयर्नच्या हेडमध्ये काहीतरी सुटलंय आणि ते खुळखुळतं. क्लब आडवा धरून हलवला की आत बारीक खडा फिरल्यासारखा आवाज येतो, आणि बॉलमागे उभं राहून वॅगल केलं (शॉटआधी क्लब हलवला) की नेमका तेव्हाही येतो. पोकळ हेड, पातळ फेस (बॉलला लागणारी बाजू), आत पॉलिमर, सोलमध्ये (तळाशी) टंगस्टन, ही बांधणी सगळ्यांना माहीत असेलच. असा आवाज बऱ्याचदा शाफ्ट (दांडा) चिकटवताना वापरलेल्या इपॉक्सी गोंदाच्या वाळलेल्या तुकड्याचा असतो, तो शाफ्टच्या पोकळीत वर सरकतो आणि नंतर ठोके खाऊन सुटतो. शाफ्ट काढायचा, साफ करायचा, परत बसवायचा, क्लब दुरुस्त करणारा कुठलाही माणूस हे करतो. पण कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांनी आधी फोटो मागितले, तक्रार आवाजाची आहे म्हटलं तरी फोटोच हवेत. मग क्लब पाठवायला सांगितला, कितीतरी आठवडे ठेवून घेतला आणि "खेळावर परिणाम होत नाही, वॉरंटीत बसत नाही" असं म्हणून जसाच्या तसा परत पाठवला. मला याचा मनापासून राग आहे. बॅकस्विंगच्या टोकाला आत काहीतरी घरंगळलं की लक्ष बॉलवरून उडतं, हा खेळावरचा परिणाम नाही तर काय आहे?

तर तो क्लब तिकडे पडून होता तेवढ्या काळात ४ आयर्न आणि फेअरवे वुडच्या मधली जागा मोकळी ठेवायची नव्हती, म्हणून २० डिग्री लॉफ्टचा (फेसचा कल) एक वापरलेला हायब्रिड घेतला. जुनं मॉडेल, सोलवर ओरखडे, फेस मात्र ठणठणीत. नवीन मॉडेलसाठी दुप्पट पैसे मोजण्यासारखं मला तरी त्यात काही दिसत नाही, हायब्रिड घ्यायचा तर वापरलेलाच घ्या. पुढे आयर्न परत आला आणि १४ क्लबच्या बॅगेत एकाच जागेवर दोघं दावेदार झाले.

टीवरून (होलचा पहिला शॉट मारताना बॉल ठेवायची खुंटी) सुरुवात करतो कारण ड्रायव्हिंग आयर्न लोक घेतात ते त्यासाठीच. बॉल जमिनीपासून जेमतेम वर टी केला आणि मधोमध लागला की जो खालून सपाट जाणारा शॉट निघतो त्याला तोड नाही. समोरून वारा असला तरी बॉल वर उचलला जात नाही, स्पिन कमी, पडल्यावर पळतो. २००६ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत इंग्लंडमधल्या होयलेकवर टायगर वूड्सने चार राउंडमध्ये ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) एकदाच काढला आणि टीवरून लांब आयर्न मारत जिंकला, ते का चाललं हे असा एक शॉट मारल्यावर कळतं. उन्हाने करपलेली कडक जमीन होती, त्यामुळे कॅरी (बॉलचं हवेतलं अंतर) कमी असली तरी बॉल पळून अंतर भरून काढत होता. आमच्याकडेही जमीन कोरडी होती तोपर्यंत मी हायब्रिडला फक्त पाहुणा समजत होतो, आणि माझ्या टिपणवहीत तेव्हा स्पष्ट लिहिलंय की आयर्न परत आला की हायब्रिड विकायचा.

जमीन ओली झाली आणि ते मत राहिलं नाही. रोल गेला की ड्रायव्हिंग आयर्नचं अर्धं भांडवल गेलं. उरते ती कॅरी, आणि कॅरीसाठी उंची लागते, उंचीसाठी स्पीड लागतो. ड्रायव्हरचा क्लबहेड स्पीड ताशी १०० मैलांच्या पुढे असेल तर ड्रायव्हिंग आयर्नचा विचार करा असं फिटिंगवाले साधारण सांगतात, माझा त्याच्या थोडा खाली आहे आणि तो फरक फेअरवेवरून दुसरा शॉट मारताना फार जाणवतो. हायब्रिडचं वजन फेसपासून मागे आणि खाली असतं, म्हणून तेवढ्याच स्पीडला तेवढ्याच लॉफ्टचा बॉल वर जातो आणि ग्रीनवर (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) उतरताना उभा उतरतो. आयर्नचा बॉल ग्रीनच्या पुढच्या कडेवर पडून मागच्या बंकरपर्यंत जायचा, हायब्रिडचा दोन टप्प्यात थांबतो. लांब पार ३ होलवर, जिथे पहिल्याच शॉटमध्ये ग्रीन गाठायचं असतं, हा फरक थेट स्कोअरकार्डवर दिसतो.

एक गोष्ट करून बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर जाड ठिपका काढायचा, ठिपका फेसकडे ठेवून शॉट मारायचा, मग फेसवर डाग कुठे उमटलाय ते बघायचं. मी दोन्ही क्लबचं हे केलं. माझे डाग दोन्हीकडे सारखेच पसरलेले, बरेचसे टोच्या (हेडच्या पुढच्या टोकाच्या) बाजूला आणि खालच्या दोन-तीन ग्रूव्हवर (फेसवरच्या खाचांवर). म्हणजे स्विंग तोच, चुकाही त्याच. पण आयर्नवर तसा लागलेला बॉल हाताला झिणझिण्या आणून १५-२० यार्ड कमी पडायचा आणि उजवीकडे राहायचा, हायब्रिडवर तसाच लागलेला थोडा कमी पडतो पण परत आत वळतो. हेड खोल असल्यामुळे गिअर इफेक्ट, म्हणजे बॉलला परत आत वळवणारा स्पिन, मिळतो, पातळ आयर्नला तो जवळजवळ नसतोच. दोन्हींचे चांगले शॉट शेजारी ठेवून लोक निवड करतात, माझ्या मते वाईट शॉट शेजारी ठेवावेत, कारण राउंडमध्ये तेच जास्त असतात.

रफबद्दल (कडेच्या लांब गवताबद्दल) वाद घालायलाच नको. बॉल गवतात अर्धा बुडालेला असेल तर आयर्नच्या होझलला (शाफ्ट बसतो ती मान) गवत गुंडाळलं जातं, टो पुढे फिरतो, फेस बंद होतो आणि बॉल डावीकडे खाली जातो. हायब्रिडचा रुंद गोल सोल गवत दाबत पुढे सरकतो. २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपला शेवटच्या होलवर यांग योंग-उनने झाडावरून ग्रीनवर जो शॉट टाकला तो हायब्रिडचाच होता, आणि समोर टायगर वूड्स होता. ड्रायव्हिंग आयर्नने तो बॉल तेवढ्या उंचीवर नेण्याची हिंमत निदान मी तरी केली नसती.

आता हायब्रिडचा दोष, आणि हा दोष खराच आहे: डावीकडे हुक. सुरुवातीला माझा प्रत्येक जोरातला शॉट डावीकडे. लोक सरळ म्हणतात हायब्रिड हुकच मारतो, पण नीट बघितलं तर कारण बरंचसं शाफ्टमध्ये निघालं. माझे आयर्न १०५ ग्रॅमच्या स्टीलवर, आणि हायब्रिडमध्ये ६५ ग्रॅमचा ग्राफाइट, वर इंचभर लांब आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) जास्त उभा. हलका क्लब हातात आला की हात आधी फिरतात. मी ८५ ग्रॅमचा शाफ्ट बसवून घेतला आणि होझलवरून लॉफ्ट एक डिग्री कमी केला. लॉफ्ट कमी केला की ॲड्रेसला (शॉटसाठी उभं राहिल्यावर) फेस किंचित उघडतो, हे फिरवण्याआधी माहीत असावं, नाहीतर उंची वाढवायला म्हणून लॉफ्ट वाढवाल आणि फेस आणखी बंद होईल. या दोन बदलांनंतर हुक गेला, हलकासा ड्रॉ (डावीकडे किंचित वळण) राहिला, तो मला हवाच होता. आणि फेअरवे वुडसारखा झाडू मारल्यासारखा मारू नका, आयर्नसारखा खाली मारा, थोडी माती उडाली पाहिजे.

सगळ्यात जास्त आनंद दिला तो ग्रीनच्या कडेला. बॉल फ्रिंजच्या (ग्रीनच्या कडेच्या पट्ट्याच्या) बाहेर, दाट आखूड गवतात, वेजने (बॉल उंच उचलणाऱ्या क्लबने) खाली खणायची भीती, पटर (बॉल जमिनीवरून लोटायचा क्लब) लावावा तर गवत बॉलला धरून ठेवणार. तिथे हायब्रिड आखूड धरायचा, पटरच्या ग्रिपने, पटरसारखाच स्ट्रोक. बॉल किंचित उडी मारून गवत ओलांडतो आणि मग नुसता धावत जातो. टॉड हॅमिल्टनने २००४ ची ब्रिटिश ओपन स्कॉटलंडमधल्या ट्रूनवर एर्नी एल्सविरुद्ध प्लेऑफमध्ये जिंकली तेव्हा शेवटच्या होलवर ग्रीनबाहेरून त्याने हेच केलं. हे मी इतकं वापरतो की आता त्या जागी वेज काढतच नाही. २० डिग्रीचा ड्रायव्हिंग आयर्नही पटरसारखा चालवता येतो, पण त्याची पातळ खालची कड गवतात अडकते, म्हणून जमत नाही.

माझा निकाल: बहुतेक टी शॉट वाऱ्यात, कडक जमिनीवर आणि स्पीड भरपूर असेल तर ड्रायव्हिंग आयर्न, बाकी सगळ्यांनी हायब्रिड. आणि निवडताना मॅटवर मारून बघू नका. मॅटवर फॅट शॉटसुद्धा (क्लब बॉलआधी जमिनीला लागलेला) सोल घसरून बॉलपर्यंत पोचतो, आकडे सुंदर दिसतात आणि आयर्न हवाहवासा वाटतो. गवतावर मारा, शक्यतो उतारावरून आणि बॉल नीट बसलेला नसेल अशा थोड्या वाईट जागेवरून.

आता माझा ४ आयर्नही काढून तिथे २३ डिग्रीचा हायब्रिड टाकायचा विचार आहे, अर्थात वापरलेलाच, आणि शाफ्ट ८५ ग्रॅमच्या आसपास मिळाला तरच, नाहीतर शाफ्ट बदलण्यात वाचवलेले पैसे जातात.